आधी वारा तोंडावर

पुन्ता अरेनासला ऑक्टोबर लागला
की चौकाच्या कोपऱ्यांवर दोर बांधतात,
माणसांनी धरून चालावं म्हणून.
मी त्या शहरात धावते.
हसा खुशाल. माझी बहीण दानित्साही हसते.

पहाटे साडेपाचला पत्रा वाजायला लागतो.
निळ्या छपराची एक कड केव्हाची सुटलीय,
ती आधी खडखडते, मग शिट्टी घालते,
त्यावरून कळतं आज कितीचा आहे.
मन लबाड. म्हणतं, गुडघा दुखतोय ना तुझा?
गुडघा काल दुखत होता. मनाला आज आठवला.
म्हणून धावायचंय हे मी मनाला सांगतच नाही.
सांगते, फक्त मोजे.
मग सांगते, बूट वाळलेत का ते नुसतं बघू.
रात्री त्यांच्या पोटात कोंबलेला पेपर काढते,
दमट शाईत कुणाचं तरी लग्न, मेंढ्यांचे भाव.
बूट हातात आले की पायात जातात.
दार उघडलं की वारा ते हातातून हिसकून घेतो.
पुढे माझं काही चालत नाही.

सामुद्रधुनीच्या काठाने आधी दक्षिणेला.
आधी वारा तोंडावर घ्यायचा, दम आहे तोवर.
उलटं केलं तर परतीला
घामेजलेलं अंग गारठून लाकूड होतं.
हे मला कुणी शिकवलं नाही,
एकदा उलटं केलं होतं.

खरं तर जाताना मी धावत नसते.
वाऱ्याला खांदा लावून उभी असते
आणि अधूनमधून एखादं पाऊल पुढे सुटतं.
मोडक्या धक्क्यावर पाणकावळे रांगेने,
सगळ्यांची तोंडं वाऱ्याकडे. त्यांना कुठे जायचं नसतं.

नव्या धक्क्यावर रात्रपाळीचा रखवालदार, एलेउतेरिओ बारिया.
इतक्या वर्षांत कधी हात हलवला नाही त्याने.
त्या मंगळवारी गारा सुपारीएवढ्या झाल्या तेव्हा
पायाने केबिनचं दार उघडून धरलं,
कढत येर्बाने भरलेला भोपळा पुढे केला.
टेबलावर वही.
कुठलं जहाज, केव्हा लागलं, केव्हा सुटलं.
आणि दोन जहाजांच्या मध्ये, त्याच अक्षरात:
६.१२ नेवेन्का, दक्षिणेला.
६.५० नेवेन्का, परत.
पानंच्या पानं.
मागच्या गुरुवारी, मी पांघरूण सोडलं नाही त्या दिवशी:
वारा ताशी नव्वद. कुणी नाही.

मी काही बोलले नाही.
तो म्हणाला, साखर संपलीय.

शुक्रवारी त्याची रजा.
केबिनमध्ये एक पोरगा, आ वासून झोपलेला,
वही मिटून त्यावर त्याची टोपी.
मी दिव्याच्या खांबाला धरून थांबले.
इथून वळलं तर कुणाच्या बापाला कळणार नव्हतं.
ओठ खारट झाले होते, नाक केव्हाच माझं राहिलं नव्हतं.
शेवटच्या बाकाची फळी गेल्या वर्षी उडाली,
उरलेल्या लोखंडाला हात लावला आणि मग वळले.

वळल्यावर मात्र,
हे मी दानित्साला कितीदा सांगून पाहिलं,
वळल्यावर एकदम शांत होतं सगळं.
वारा तोच, पण कानात नसतो.
टाचा टेकायच्या आत पुढचं पाऊल पडलेलं.
मी, सत्तेचाळीस वर्षांची,
इस्पितळाच्या धोबीखान्यात चादरी मोजणारी,
केबिनवरून अशी गेले
की पोरग्याच्या खिडकीची काच थरथरली असेल,
निदान मला तसं वाटलं.

घड्याळात पाहिलं: ६.४७.
तीन मिनिटं लवकर.
वहीत कुठेच नाही.