सोनं खरवडताना

आठवी ब. तिसरा तास. शारजा.
एसीच्या घरघरीत मुलं पाठ करतायत :
प्रबोधनकाळाची वैशिष्ट्ये, कोणतीही तीन.
मानवतावाद, यथार्थदर्शन, आणि तिसरं
मीच दरवर्षी विसरते.

फळ्यावर मी दोन चित्रं लावते.
पहिल्यात माणसामागे नुसतं सोनं,
ना झाड, ना गल्ली, ना दुपारचे किती वाजले.
दुसऱ्यात ते सोनं कुणी खरवडून काढावं तसं
आभाळ आलंय, एक ओढा,
आणि लांब कुठे गाढव हाकणारा माणूस,
नखाएवढा.
त्या नखाएवढ्यासाठी, मी सांगते,
पिढ्या गेल्या.

तेव्हाच्या एका मास्तरानं म्हणे
शाळेच्या भिंतींवर खेळणारी पोरं रंगवून घेतली,
सरदाराचा मुलगा आणि फुकट शिकणारा
एका बाकावर बसवले.
मागून कुणीतरी : मिस, त्यांना फी किती होती?

आमच्या भिंतीवर फीच्या तारखांचा तक्ता.
खिडकीबाहेर धुळीनं पांढरं पडलेलं आभाळ.

गृहपाठ : घरातलं एक माणूस काढा.
बघून. फोटोवरून नाही.

यशोधन निकमनं वडील काढले.
खानापूर तालुक्यातले, गलाईवाले,
तेवीस वर्षं पेढ्यांमागच्या खोलीत
दुसऱ्यांच्या बांगड्या वितळवणारे.
मी लाल पेन उचललं : भुवया राहिल्या.
“राहिल्या नाहीत मिस, जळल्यात.
शुक्रवारी झोपले होते तेव्हा काढलं.
एरवी ते बसतच नाहीत.”

अ‍ॅसिडनं पिवळी पडलेली बोटं
त्यानं चहाच्या पाण्यानं रंगवली होती.
अभ्र्याची चुरगळसुद्धा खरी, उजेड डावीकडून.
मागे सोनं नव्हतं कुठेच.
होती पलंगाची लोखंडी शिडी, वाळत घातलेला टॉवेल,
आणि सगळ्या रेषा जाऊन मिळतात तिथे
नखाएवढं एक दार, अर्धं उघडं.

दहापैकी किती?
गुणतक्त्यात नीटनेटकेपणाला दोन आहेत,
बघण्याला रकाना नाही.
मी तो पेन्सिलीनं आखला, मग खोडला,
मग पुन्हा आखला.

पालकसभेला निकम आले, इस्त्रीच्या शर्टात,
उजवा हात खिशात.
बराच वेळ उभे राहिले.
“नाक आमच्या आण्णांचं आलंय,” म्हणाले.
मग हळूच हात बाहेर काढला
आणि कागदाला न लावता
चित्रातल्या हाताशेजारी धरला.