अक्षरी

मुरमबोडीच्या शाळेत तिसऱ्यांदा गेले
तेव्हा मोह गळत होता.
अर्धा वर्ग पहाटेच वेचून आलेला,
बोटांना गोडसर वास, डोळ्यांत झोप.
माझ्याजवळ रेकॉर्डर आणि तीस छापील तक्ते,
पट तीसचा म्हणून.
प्रत्येक तक्त्यात चार रकाने:
काय विचारलं, काय लिहिलं, चूक कोणती, कारण.
शेवटचा रकाना सगळ्यात अरुंद.
तो मीच आखला होता, पुण्यात, पंख्याखाली.

काम सोपं. मी बोलायचं, त्यांनी लिहायचं.
त्रेपन्न म्हटलं की कानावर आधी तीन पडतो
आणि हाताला आधी पाच लिहावा लागतो;
जीभ उजवीकडून येते, पेन्सिल डावीकडून,
मधल्या बांधीत पोरं अडखळतात.
सात जणांनी ३५ लिहिलं.
एकोणतीसला तर दाणादाण,
कुणाचे ३१, कुणाचे ३९,
एकानं नुसता दोन काढला, त्याला लांब शेपटी दिली
आणि माझ्याकडे बघून हसला.

आचल गुरनुलेनं लिहिलं ३०.
मी रकाना भरला. चूक, प्रकार चार.
कारण: शब्दाचा शेवटच ऐकते.

पहिल्या दोन फेऱ्यांचं रेकॉर्डिंग
मी सिंदेवाहीच्या खोलीवर ऐकलं होतं, रात्री.
पोर श्वास घेतं, "ते... म्हंजे..." म्हणतं,
आणि चौथ्या सेकंदाला एक बाई मध्ये पडते,
"बरं, मी सोपं करून सांगू का?"
ती बाई मी.
एकोणसाठ वेळा. मोजलं.

म्हणून या खेपेला
जिभेखाली खडीसाखरेचा खडा धरला.
तो विरघळेपर्यंत बोलायचं नाही.

आचलही बोलेना.
हापशीवर कुणीतरी बादली ठेवली.
खिचडीला फोडणी बसली.
लेनगुरे सर दारातून डोकावले, मी हात केला, ते गेले.
खडा अर्धा झाला.
मग तिनं ३० वर बोट ठेवलं.

"तीसच हाये जी ते. एक यायचा हाये."

मी तरीही गप्प.

"निकेश. मायबापासंग मिरची तोडाले गेला, तेलंगणात.
सर हजेरी घेतेत तवा म्हणतेत, एकोणतीस.
म्हंजे तीसच, पण एक नाही.
दोनावर नऊ लिवलं तं त्याले काढल्यावानी होते.
आला का मंग खोडा लागन."

कागदाच्या कडेला तिनं बारीकसा गोल काढला.
मला वाटलं शून्य.
"निकेशचं डोकं," ती म्हणाली.

एकोण म्हणजे एकानं उणा, हे मला ठाऊक होतं,
व्याकरणात.
त्या उण्याला आडनाव असतं, मडावी,
त्याची पिशवी अजून खुंटीला असते,
आणि कुणीतरी त्याची जागा आकड्यात धरून ठेवतं,
यासाठी रकाना नव्हता.

तिला २९ लिहिता येतं का?
येतं. नंतर विचारलं, झटक्यात लिहिलं,
वर म्हणाली, "परीक्षेत असंच लिवतो मी."

पुण्यात मार्गदर्शक म्हणाले, ही नोंद गाळा,
विदा स्वच्छ राहील.
मी मान डोलावली
आणि गाळली नाही.
प्रकार चार खोडला.
पुढं काय लिहावं ते सुचेना, तेही तसंच ठेवलं.
तिसावा तक्ता कोरा आहे, माझ्या पिशवीत,
घडी न घातलेला.

प्रबंध आता टायपिंगला दिलाय.
नमुन्याच्या जागी मी आकडा घातला नाही,
चेकवर लिहितात तसं अक्षरी लिहिलं:
एकोणतीस मुले.

काल टायपिंगवाल्याचा फोन आला,
"मॅडम, इथं आकडा कोणता टाकू?"

मी लगेच बोलले नाही.
तोंडात तर काहीच नव्हतं.