अर्धा अंश

वाळूजच्या शेडमध्ये एकवीस वर्षं लेथ चालवली.
टूलखाली पितळी पट्टी सारून
टोक बरोबर मध्यावर आणायचं,
नीट शिकलो ते एवढंच.
आज तीच पट्टी कात्रीनं कापून
फॉइलच्या मागच्या पंखाखाली सारतोय
नाथसागराच्या काठी, उकिडवा बसून.
निवृत्ती लिंबोरे जाळं वाळत घालता घालता विचारतो,
"हे होडकं हाय का इमान?"

मला तरी कुठं ठाऊक.
फळी वर, तिच्या पोटातून खाली दांडा,
दांड्याच्या टोकाला आडवी नळी,
नळीच्या तोंडाशी मोठा पंख, शेपटीला धाकटा.
वारं शिडात भरतं, काम पाण्याखाली होतं.
मग फळी पाणी सोडते
आणि आवाज बंद.
लेथचा पट्टा उतरल्यावर शेडमध्ये होतो तसा.

मुबीननं गोव्याहून दोन फळ्या आणल्या,
कांदा उतरवून परतणाऱ्या टेम्पोत.
थोरली जुनी, मागं चौरंगाएवढी रुंद.
तिची खाच नुसत्या फिनसाठी केलेली;
फॉइलचा पीळ सोसेना,
पहिल्याच दिवशी कडेनं केसभर तडा.
खाच खरवडली, कार्बनचं कापड, एपॉक्सी, रात्रभर क्लॅम्प,
सकाळी नखानं वाजवून बघितली.
आता तिला मोठा पंख, लांब नळी.
ज्वारीची पानं हलण्याइतकं वारं असलं तरी उठते.
म्हशीसारखी, पण उठते.

धाकटीला खाच नाही, दोन रूळ आहेत.
दांडा त्यात मागं-पुढं सरकतो
आणि सगळं भांडण त्या सरकण्यातच.
पुढं सारला की नाक आभाळात,
मागं सारला की नाक पाण्यात.
मुबीन ब्याण्णव किलो. माझी भाची प्रणिता शेहेचाळीस.
त्याच्या मापानं बसवलेली फळी
तिला बुजऱ्या खोंडासारखी फेकून देई.
"मामा, पंख लहान लावा." लावला.
"मामा, शिडाचा पाय पुढं घ्या." दोन बोटं घेतला.
तरी नाक वर.
म्हणून ही पट्टी. अर्धा अंश.
डोळ्याला दिसत नाही, पायाला कळतो.

वारं आखाडाचं,
पाऊस तिकडं घाटातच सांडून
रिकाम्या हातानं आलेलं.
धरण खूप उतरलंय.
दांडा नव्वदचा लावायचा का साठचा?
मुबीन म्हणतो नव्वद, लाटा बघ की.
निवृत्ती म्हणतो, थांबा जरा.
काडीनं ओल्या गाळात गाव काढतो:
ही चावडी, हा आड, ही बाभळीची खोडं,
"अन् हे आमचं घर. ओट्यावर आज छातीएवढं पाणी असंल."
पाणी आलं तेव्हा तो नऊ वर्षांचा होता.

मी टेप त्याच्या छातीला लावली.
शिंप्यापुढं उभं राहावं तसा राहिला, श्वास रोखून.
एकशे सोळा.
साठचा लावला.
लाटेत पंख उघडा पडेल, पोरगी आपटेल.
आपटू दे. पाण्यावर आपटेल, ओट्यावर नाही.
चारी बोल्टांना ग्रीस,
नाहीतर ॲल्युमिनियम कार्बनला चावून बसतं,
मग हातोड्याशिवाय सुटत नाही.
समोरासमोरचे बोल्ट आळीपाळीनं आवळले.

प्रणिता निघाली.
दोनदा आपटली. तिसऱ्यांदा
फळी हातभर वर, खाली नुसता बारीक चरा.
निवृत्ती जाळं हातात तसंच धरून पुटपुटतो,
"चावडी... आड..."
मग गप्प.
ती घरावरून जाऊन पार पलीकडं पोचली तरी
बोलला नाही काही.

परत आली कमरेएवढ्या पाण्यात,
केस गालाला चिकटलेले, कोपर सोललेलं.
"मामा, अजून वर जातंय नाक. पाव अंश."
मी खिशात कात्री शोधतो.
ती निवृत्तीकडं आहे,
जाळ्यात गुंतलेला शेवाळाचा दोर कापतोय तो.