रकाने

बालेवाडी, रात्रीचे साडेदहा.
टेबलावर शेवटचा तक्ता जुळवतोय:
आपण एकसष्ट, त्या चौऱ्याऐंशी.
बेरीज आडवी-उभी बरोबर.

नंबर चौदा, ऋजुता भेगडे.
तीन मिनिटं अकरा सेकंद.
गुण शून्य, रिबाउंड शून्य,
असिस्टपुढे नुसती रेघ.
फाउल एक.

त्यांची धिप्पाड सेंटर मुसंडी मारत आली
तेव्हा आपल्या चौघी सरकल्या,
ही पाय रोवून राहिली.
आपटली, तो आवाज माझ्या पेनापर्यंत आला.
पंचानं कमरेवर हात ठेवले.
मी आकडा लिहिला.

आता तळेगावहून आलेले तिचे वडील
हेल्मेट काखेत धरून
एक झेरॉक्स मागतात.
शून्यांवरून बोट फिरत फिरत थांबतं.
"हा एक कशाचा?"

"तिचाच," म्हणालो,
आणि आणखी एक प्रत काढली.