मूळचं हँडल

आधी पेच बघायचे.
सरळ खाचेचा असला तर कारखान्यातला,
फुलीचा असला तर नंतर कुणीतरी हात घातलाय.
मग सीट उचलून रुळाखालचं रेक्झीन:
ऊन पोचलं नाही तिथे खरा रंग,
कच्च्या पेरूच्या सालीसारखा.

गायधनी वकिलांची डुक्कर फियाट
सारडा सर्कलमागच्या माझ्या शेडमध्ये
तीन महिने आतून सोलून ठेवलीय.
"सगळं ओरिजिनल हवंय," म्हणतात, "बटणसुद्धा."

ॲश-ट्रे भद्रकालीच्या भंगारात सापडला,
झाकणाखाली ठसा, पुसट पण बरोबर.
मीटरची काच मालेगावहून.
आरसा दोनदा परत पाठवला,
त्याची बिजागरी खोटं बोलत होती.

राहिलं डाव्या दाराचं, काच वर-खाली करायचं हँडल.
पितळी. ओतीव नाही, हातानं घासलेलं,
मुठीशी कानशीचे तीन तिरपे ओरखडे.
तांबट आळीत असे ओरखडे
एकाच माणसाचे असायचे,
त्याच्या हातचा मार मी खाल्लाय.

वकिलांना सांगितलं, हे मूळचं नाही.
खरं तेच सांगितलं.
पुण्याहून मागवलेलं बसवलं,
खटकन बसलं, काच सरसर वर गेली.
वकील खूश. बिलातले दोनशे तरीही कापले.

अण्णांचं हँडल आता माझ्या टेबलाच्या कडेला,
एका सरळ खाचेच्या पेचावर.
फोनवर बोलताना फिरवत बसतो.
काहीच उघडत नाही.
महिन्यातून एकदा तेल मात्र घालतो.