गोडी छाटणी

पिंपळगावची पॅकिंग शेड सोडून आलो तेव्हा
ओल्या गोणपाटात तीन काड्या होत्या.
भोकरी, केदू निरगुडे म्हणाला होता,
पांढरी जात, खायलाही चालते, गाळायलाही,
पण बी असते.
बी थुंकायला आता वेळ कुणाला?

कोर्लईत भोकर म्हणजे लोणच्याचं, चिकट.
फिलू हसली : या काटक्यांचं लोणचं घालू?
एक खाऱ्या वाऱ्याने मेली.
एक मार्तिसांच्या बकरीने नेली.
तिसरी विहिरीपाशी धरली,
तिला जवळ्याचा कुटा घातला,
मांडवाला तारेऐवजी
मोडीत काढलेली डोल बांधली.
वेल तिच्यात अशी चढली की होडीतून वाटायचं
आमच्या घराला हिरवा मासा लागलाय.

दुसऱ्या पावसाळ्यात पानांवर पिवळे डाग.
फोन केला.
केवडा पडलाय, केदू म्हणाला
आणि मयताचा निरोप दिल्यासारखा गप्प झाला.
फिलूला सांगितलं, केवडा पडलाय.
ती खाडीकडे बघत राहिली :
कुठे? वास तर नाही.
इथे केवडा अंबाड्यात जातो,
लग्नाच्या साडीच्या घडीत जातो.
मी मोरचूद आणि चुना कालवत होतो,
तिला काय समजावणार.
आठवडाभर हात निळे.
फादर मिनीन म्हणाले, मिस्साला येशील तेव्हा
खिशात ठेव.

तिसऱ्या वर्षी चार घड.
फादरना वेदीसाठी वाईन हवी होती,
फिलूला मीठ लावून खायचे होते,
बुलबुलांनी कुणालाच विचारलं नाही.
उरला दीड.
अर्धा आम्ही पायरीवर बसून खाल्ला,
कुणाची बी लांब जाते बघत.
तिची तुळशीमागच्या, म्हणजे
शेजारच्या जनाबाय कोळणीच्या अंगणात गेली.
एक घड चिरडून बरणीत घातला.
बरणी लोणच्याची, सात वेळा घासलेली.

नाताळला झाकण काढलं : तीन चमचे,
आणि मोहरीचा वास.
फादरनी जिभेला लावलं, डोळे मिटले,
देवाला चालेल, म्हणाले,
मला नको.

आता ऑक्टोबर. केदूचा फोन :
गोडी छाटणी कर, डोळे मोज,
हात आखडू नकोस.
त्याच्याकडे म्हणे पहाटे गारवा सुटलाय.
इथे गंजी पाठीला चिकटलेली,
कात्री तांबेरलेली.
पाचव्या डोळ्यावर कापलं.
काडीतून पाणी सुटलं, थेंब थेंब,
फिलूने खालून बोट धरलं,
चाटलं.

खारट? मी विचारलं.

थांब, म्हणाली,
अजून एक पडू दे.