उथळ

रविवारी रुरिकने होडी बाहेर काढली,
खरं तर ओढत आणली गवतातून.
आजोबांनी पाण्यात पाय सोडून बांधलेलं नावघर
आता पाण्यापासून चाळीस पावलं मागे उभं आहे.
पाणी आटलं नाही. इकडे जमीनच वर येते,
वर्षाला करंगळीच्या नखाएवढी,
बर्फाखाली युगानुयुगं दबलेली पाठ
सावकाश सरळ करत.

आई मधल्या फळीवर, मांडीत थर्मास,
डोक्याला फुलाफुलांचा रुमाल, वय एक्याऐंशी.
आलवा नाळेवर पालथी पडून,
दगड दिसला की हात वर करायचा, एवढंच तिचं काम,
आणि दगड इतके की तिचा हात खाली येईना.
मी सुकाणूवर. रुरिक सूचनांवर.

बेटं इथे कुणी मोजत नाही.
एखाद्यावर दोन भूर्ज आणि एक लाल संडास,
एखाद्यावर नुसती सुरय पक्ष्यांची भांडणं,
काही तर अजून बेटं व्हायचीच आहेत,
लाटेखालून टक्कल तेवढं दिसतं.
आई एकेकाला नावानं हाक मारते:
ही म्हातारीची चूल, तो रडका,
त्या तिघी बहिणी.
"चौथी माझ्या लग्नाच्या उन्हाळ्यात वर आली,
तोवर तिच्यावरून बिनघोर जायचो."

दुपारी ऊन खाल्लेल्या कातळावर जेवलो,
धुरी दिलेला मासा, काळा पाव, थोडी वाळू.
रुरिक तोंड उघडं टाकून झोपला.
आलवाने त्याच्या पोटावर शिंपले रचले,
अकरा झाले, बारावा घसरला.
पाणी हलत नव्हतं. कुणालाच काही करायचं नव्हतं,
आणि ते आम्ही तब्बल दोन तास केलं.

मग आई म्हणाली, परत जाताना फटीतून जाऊ.
रुरिकने नकाशा पसरला: फट बंद आहे, आई.
"नकाशा काढणारा कधी नाचायला गेला होता का इथून?
बाबा मला वल्हवत न्यायचे,
नवे बूट वर्तमानपत्रात गुंडाळून,
पलीकडच्या धक्क्यावर उतरले की मग घालायचे."

फटीत इंजिन उचललं. दोन्हीकडे खडक,
वल्ही आडवी धरली तर दोन्ही काठांना टेकतील इतके जवळ.
बोरू तोंडावर येऊ लागले.
आई डोळे मिटून सांगत होती:
डावीकडे घे. आता बोटभर उजवीकडे. इथे तिरका दगड.
तिरका दगड होता.
सगळे दगड जागच्या जागी होते,
फक्त त्यांच्यामधलं पाणी
आम्हाला न सांगता निघून गेलं होतं.

होडीचं बूड खरवडलं, दातांवर दात घासावेत तसं.
आम्ही तिघं उतरलो, पाणी घोट्याएवढं,
जूनमध्येही हाडं बधिर करणारं.
ढकललं, शिव्या दिल्या, हसलो, पुन्हा ढकललं.
पुढे तर गवतच. गवतात पिवळी फुलं,
आणि एक मेंढी,
आमच्याकडे बघत रवंथ करणारी,
जणू आम्हीच तिच्या अंगणात होडी घातलेली.

आई उठली. थर्मास आलवाकडे दिला.
माझ्या खांद्याला धरून बुटांसकट खाली उतरली
आणि चालू लागली, जिथून तिला वल्हवत नेत
त्या वाटेच्या मधोमध.
सतरा पावलं. मी मोजली.
पलीकडे धक्क्याचे चार खुंट, कोरड्या मातीत रोवलेले.
एकावर हात ठेवून ती उभी राहिली,
थोडा वेळ, मग आणखी थोडा.
मेंढी आपली चरत होती.

परत आली तेव्हा रुमाल सुटला होता.
बूट वर करून तळवे दाखवले: "बघा. एक थेंब नाही."
आणि लगेच, "कॉफी ओता, गार होतेय."

उलटे वल्हवत निघालो त्याच वाटेनं.
रात्रीचे दहा, तरी सूर्य हटवादी पोरासारखा
क्षितिजावर बसलेला.
आलवाने विचारलं, मी आजीएवढी होईन तेव्हा?
रुरिक म्हणाला, तेव्हा येताना सायकल आण.